एसएसएच तुटल्यावर पोस्टग्रेसचं लांबलचक काम चालू कसं ठेवायचं?

विजयनगर_बॅकएंड

नमस्कार मंडळी. ऑफिस इंदूरला, डेटाबेस मुंबईच्या क्लाउडवर. लॅपटॉपवरून व्हीपीएन, मग एसएसएचने (दूरच्या मशीनवर लॉगिन) जंप सर्व्हर (मधली मशीन, उबुंटू) आणि तिथून पीएसक्यूएलने (पोस्टग्रेसचा कमांड-लाइन क्लायंट) पोस्टग्रेस १५ डेटाबेस. रंगपंचमीच्या स्थानिक सुट्टीत तीन मोठी कामं उरकायची आहेत. त्या दिवशी गेरमुळे (रंगपंचमीची मिरवणूक) राजवाड्याकडचे रस्ते बंद असतात आणि ऑफिसात कुणी नसतं, म्हणजे सगळं घरूनच करायचं.

कामं अशी: १८० जीबीच्या टेबलवर ‘क्रिएट इंडेक्स कन्करंटली’ (टेबल वापरात ठेवून इंडेक्स बनवणं), मग चाळीसेक अपडेट असलेली एसक्यूएल फाइल ‘पीएसक्यूएल -एफ’ने चालवायची, आणि शेवटी ‘पीजी_डंप’ (डेटाबेसची प्रत काढणं) पाइप करून जीझिपमध्ये (फाइल कॉम्प्रेस करणारं साधन).

स्टेजिंगवर तिन्ही कामं वेगवेगळ्या खिडक्यांत लावून पाहिली. मध्येच लाइट गेली, राउटर बंद, एसएसएच तुटलं. संध्याकाळी परत लॉगिन केल्यावर तिघांची तीन तऱ्हा. इंडेक्स अजून बनतच होता. फाइल मधल्याच एका अपडेटपाशी थांबलेली, पण आधीचे बदल कायम. डंप अर्धवट, उघडायला गेलं की जीझिप ‘अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ फाइल’ म्हणतं. त्यात डंपच्या फाइलवरची वेळ पाहिली तर लाइट गेल्यावरही ती बराच वेळ वाढत होती.

तुटणं एकच, मग परिणाम तीन का? आणि लॉगिन तुटलं तरी काम चालू ठेवणाऱ्या नोहप, स्क्रीन, टीमक्स यांतलं नेमकं काय वापरावं?

तिलकनगर_डीबीए

कारण यात तीन वेगळ्या प्रोसेस आहेत आणि प्रत्येकीचं आयुष्य वेगळं आहे. जंप सर्व्हरवरचं शेल, त्या शेलने सुरू केलेला क्लायंट (पीएसक्यूएल किंवा पीजी_डंप), आणि डेटाबेस सर्व्हरवर त्या कनेक्शनसाठी उघडलेला बॅकएंड. तुमच्या एसएसएचला फक्त पहिल्या दोन बांधलेल्या आहेत. तिसरी दुसऱ्याच मशीनवर आहे, तिला तुमच्या घरची लाइट गेल्याचं कळायला काही मार्ग नाही.

टर्मिनल बंद झालं की कर्नल सेशनच्या शेलला सिगहप पाठवतो, हा ‘टर्मिनल गेलं’ असं सांगणारा १ नंबरचा सिग्नल. शेल तो आपल्या जॉब्जना पुढे पाठवतं. ज्या प्रोसेसने त्याची काही सोय केलेली नाही, ती मरते. पीएसक्यूएल आणि पीजी_डंप असेच गेले.

आता बॅकएंडचं. पोस्टग्रेस क्वेरी चालू असताना क्लायंट जिवंत आहे का हे आपणहून तपासत नाही. काहीतरी पाठवायला किंवा वाचायला जातं तेव्हाच सॉकेट मेल्याचं कळतं. ‘क्रिएट इंडेक्स’ मधल्या काळात क्लायंटला काहीच पाठवत नाही, म्हणून तो बिनदिक्कत पूर्ण होतो, कमिटही होतो (बदल कायम होतात), आणि ‘झालं’ हे सांगायला गेल्यावर पलीकडे कुणी नसतं. तुमच्या फाइलमधला चालू अपडेटही असाच संपला आणि कमिट झाला असणार. पण पुढचं वाक्य पाठवणारा पीएसक्यूएलच गेला, म्हणून फाइल तिथे थांबली. आधीचे बदल राहिले कारण ‘-एफ’मध्ये प्रत्येक वाक्य आपापलं कमिट होतं. फाइलच्या सुरुवातीला ‘बिगिन’ असतं तर सगळं रोलबॅक झालं असतं (बदल मागे घेतले गेले असते) आणि लॉगमध्ये ‘अनएक्स्पेक्टेड ईओएफ ऑन क्लायंट कनेक्शन विथ अ‍ॅन ओपन ट्रान्झॅक्शन’ अशी ओळ दिसली असती. डंपमध्ये सगळा डेटा क्लायंटकडेच वाहत येतो, क्लायंट मेला की काम तिथेच संपलं.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते: कनेक्शन तुटलं की तेच काम लगेच पुन्हा लावू नका. आधी सर्व्हरला विचारा. ‘पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी’मध्ये पीआयडी, स्टेट, क्वेरी_स्टार्ट आणि क्वेरी पाहा. ‘अ‍ॅक्टिव्ह’ दिसली आणि क्वेरी तुमचीच असेल तर ती चालू आहे. इंडेक्सचं किती झालं ते ‘पीजी_स्टॅट_प्रोग्रेस_क्रिएट_इंडेक्स’मध्ये दिसतं: फेज, ब्लॉक्स_डन, ब्लॉक्स_टोटल (ही सोय आवृत्ती १२ पासून). हे न बघता तोच इंडेक्स पुन्हा लावला तर दुसरी क्वेरी पहिलीच्या लॉकमागे अडकून बसते, आणि बघणाऱ्याला वाटतं डेटाबेसच बसला.

दोन अपवाद लक्षात असू द्या. एक, फंक्शन किंवा डू ब्लॉकमध्ये दर काही ओळींनी ‘रेझ नोटिस’ लिहिलेलं असेल तर ती नोटिस मेलेल्या सॉकेटवर पाठवताना बॅकएंडला कळतं आणि तो ‘कनेक्शन टू क्लायंट लॉस्ट’ म्हणून काम सोडतो. प्रगती दिसावी म्हणून घातलेली नोटिसच काम मारते. दोन, आवृत्ती १४ पासून ‘क्लायंट_कनेक्शन_चेक_इंटरव्हल’ नावाची सेटिंग आहे. मूळ किंमत ० म्हणजे बंद, पण तुमच्याकडे कुणी १० सेकंद वगैरे ठेवली असेल तर क्लायंट गेल्यावर क्वेरी रद्द होईल. ‘शो’ करून आधीच बघून घ्या.

चालू राहिलेली क्वेरी नकोच असेल तर ‘पीजी_कॅन्सल_बॅकएंड’, त्याने ऐकलं नाही तर ‘पीजी_टर्मिनेट_बॅकएंड’. लिनक्सवरून ‘किल -९’ कधीही नाही. एक बॅकएंड असा मारला तर पोस्टग्रेस बाकी सगळी कनेक्शन तोडून क्रॅश रिकव्हरीत जातो.

सुखलिया_शेल

ताईंनी सर्व्हरची बाजू सांगितली, मी जंप सर्व्हरची सांगतो.

आधी ‘लगेच का मेलं नाही’ याचं उत्तर. राउटरची वीज गेली तेव्हा लॅपटॉपने ‘चाललो’ असं काही पाठवलंच नाही. जंप सर्व्हरवरच्या एसएसएचडीला (एसएसएचचा सर्व्हर प्रोग्राम) वाटतं तुम्ही नुसतेच गप्प आहात. ‘क्लायंटअलाइव्हइंटरव्हल’ ० असेल (मूळ तसंच असतं) आणि टर्मिनलवर काही छापलंही जात नसेल, तर कर्नलच्या टीसीपी कीपअलाइव्हपर्यंत (पलीकडचा जिवंत आहे का हे तपासणारं पाकीट) कुणी चौकशी करत नाही, आणि ती लिनक्सवर मुळात ७२०० सेकंदांनी सुरू होते. म्हणजे दोन तासांहून जास्त वेळ तुमचा डंप चालू होता आणि मग सिगहप आला. त्या दोन तासांत परत लॉगिन करून ‘हू’ चालवलं असतं तर जुनं टर्मिनल तसंच उघडं दिसलं असतं.

आता उपाय. ज्यात डोकं घालायचं आहे त्या कामाला टीमक्स. ज्यात डोकं घालायचं नाही त्याला सिस्टमडी-रन (लिनक्सच्या सेवा चालवणाऱ्या सिस्टमडीकडे काम सोपवणं). नोहप चालतो, पण त्यात चुकायला जागा फार.

टीमक्स जंप सर्व्हरवर सुरू करायचा. लॅपटॉपवर टीमक्स उघडून त्यातून एसएसएच केलं तर काहीच साधत नाही, कारण तुटणारा धागा मधला आहे. ‘टीमक्स न्यू -एस इंडेक्स’, आत काम सुरू करा, कंट्रोल-बी आणि मग डी दाबून बाहेर या. परत यायचं तेव्हा ‘टीमक्स अटॅच -टी इंडेक्स’. नाव आठवत नसेल तर ‘टीमक्स एलएस’. जुनं सेशन दुसरीकडे अडकलेलं दिसलं तर अटॅचला ‘-डी’ जोडा, ते सुटून तुमच्याकडे येईल. स्क्रीनची सवय असेल तर तेही ठीक, तिथे कंट्रोल-ए आणि डी, परत यायला ‘स्क्रीन -डी -आर’. मात्र रेड हॅट ८ पासून मूळ पॅकेजांत स्क्रीन नाही, ते वेगळ्या भांडारातून आणावं लागतं, म्हणून नवं शिकायचं असेल तर टीमक्सच शिका.

टीमक्समध्येही एक खोड आहे. बऱ्याच जंप सर्व्हरांवर सुरक्षेसाठी ‘टीएमआउट’ लावलेलं असतं, समजा ९०० सेकंद. काम चालू असेपर्यंत ते काही करत नाही. पण काम संपलं, शेल प्रॉम्प्टवर १५ मिनिटं रिकामं बसलं की बॅश स्वतः बंद होतं, खिडकी जाते आणि आतला निकालही जातो. सकाळी अटॅच करायला गेलं तर ‘नो सेशन्स’. म्हणून निकाल पडद्याच्या भरवशावर ठेवू नका. शेवटी ‘२>&१ | टी -ए काम.लॉग’ लावा, आणि ‘रिमेन-ऑन-एक्झिट’ चालू ठेवा म्हणजे खिडकी टिकते.

नोहपची सगळ्यात नडणारी गोष्ट पाइप. ‘नोहप पीजी_डंप … | जीझिप > फाइल’ असं लिहिलं की नोहप फक्त पीजी_डंपला लागतो. जीझिप उघडाच राहतो, सिगहपने मरतो, आणि पाइप तुटल्यावर डंपही. सगळी ओळ ‘नोहप बॅश -सी’च्या अवतरणचिन्हात घाला, आत ‘सेट -ओ पाइपफेल’ लिहा. पाइपफेल नसेल तर डंप फसला तरी जीझिपचा ० परत येतो आणि काम यशस्वी वाटतं. खरं तर पाइप नकोच. ‘पीजी_डंप -एफसी’ स्वतःच कॉम्प्रेस करतो, ‘-एफडी -जे ४’ने चार टेबलं एकदम निघतात.

पासवर्डचंही बघा. मागे टाकलेलं काम पासवर्ड विचारायला लागलं की तिथेच अडकतं. होम फोल्डरात ‘.पीजीपास’ करा, परवानगी ०६००. त्याहून सैल परवानगी असेल तर पोस्टग्रेस ती फाइल वाचतच नाही.

विजयनगर_बॅकएंड

दादा, ताई, दोघांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे जंप सर्व्हरवर टीमक्समध्ये इंडेक्स लावला, डिटॅच केलं आणि नंतर परत आलो. पीएसक्यूएल अजून ‘क्रिएट इंडेक्स’वरच थांबलेला दिसतोय, प्रॉम्प्ट येत नाही. पण ‘पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी’त अशी क्वेरीच नाही. टेबलवर ‘\डी’ केलं तर इंडेक्स आहे! हे काय गौडबंगाल?

तिलकनगर_डीबीए

जंप सर्व्हर आणि डेटाबेस वेगळ्या नेटवर्कात आहेत का? मध्ये नॅट (पत्ते बदलून कनेक्शन पुढे पाठवणारा) किंवा फायरवॉल?

विजयनगर_बॅकएंड

हो, वेगळ्या. मध्ये नॅट आहे.

तिलकनगर_डीबीए

मग तेच. टीमक्सने लॅपटॉप ते जंप हा तुकडा सुरक्षित केला. जंप ते डेटाबेस हा तुकडा तसाच राहिला. इंडेक्स बनत असताना त्या कनेक्शनवरून एक बाइटही जात-येत नाही. नॅटच्या टेबलात गप्प बसलेल्या कनेक्शनला ठरावीक आयुष्य असतं: एडब्ल्यूएसच्या नॅट गेटवेत ३५० सेकंद, अझ्युरच्या लोड बॅलन्सरवर मुळात ४ मिनिटं. तेवढा वेळ शांतता झाली की नोंद पुसली जाते, आणि दोन्ही टोकांना त्याचा पत्ता नसतो. सर्व्हरने काम पूर्ण केलं, ‘क्रिएट इंडेक्स’ असं उत्तर पाठवलं, ते मध्येच गळालं. पीएसक्यूएल नुसता वाट पाहत बसतो. दोनेक तासांनी कर्नलचा कीपअलाइव्ह फसला की त्याला ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ मिळेल.

एकाच वाक्याचं काम असेल तर यात फक्त गैरसमज होतो. चाळीस वाक्यांच्या फाइलमध्ये मात्र पहिलं मोठं अपडेट होऊन पुढची एकोणचाळीस चालणारच नाहीत, आणि टीमक्स उघडाच असल्यामुळे सगळं ठीक चाललंय असं वाटत राहील. म्हणून हे आधी मिटवा.

पीएसक्यूएलच्या कनेक्शन ओळीत जोडा: ‘कीपअलाइव्ह्ज_आयडल=६०’, ‘कीपअलाइव्ह्ज_इंटरव्हल=१०’, ‘कीपअलाइव्ह्ज_काउंट=६’. दर मिनिटाच्या शांततेनंतर एक रिकामं पाकीट जातं, नॅटची नोंद ताजी राहते. हीच सेटिंग पीजी_डंपलाही चालते, कारण दोघंही तीच लायब्ररी वापरतात. सर्व्हर तुमच्या हातात असेल तर तिथे ‘टीसीपी_कीपअलाइव्ह्ज_आयडल’सुद्धा ६० ठेवा. लॅपटॉपच्या एसएसएच कॉन्फिगमध्ये ‘सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ६०’ घातलं की व्हीपीएनवर रिकामं बसल्याने तुटणंही कमी होईल. लाइट गेल्यावर अर्थात त्याचा उपयोग नाही.

जुनी_पलासिया

इथे ओरॅकल आणि मायएसक्यूएलवालेही वाचत असतील म्हणून थोडक्यात.

ओरॅकलमध्ये १०जी पासूनचा डेटा पंप (ईएक्सपीडीपी, आयएमपीडीपी) सर्व्हरच्या आतच चालतो. क्लायंट मेला तरी जॉब चालूच. ‘डीबीए_डेटापंप_जॉब्ज’मध्ये जॉबचं नाव बघा, ‘अटॅच=नाव’ देऊन परत जोडा, ‘स्टेटस’ टाका, पुन्हा ओळी बघायच्या असतील तर ‘कंटिन्यू_क्लायंट’. चालू पडद्यावर कंट्रोल-सी दाबलं तर काम थांबत नाही, आतला प्रॉम्प्ट येतो. खरंच बंद करायचं असेल तर ‘स्टॉप_जॉब’, म्हणजे नंतर ‘स्टार्ट_जॉब’ने पुढे नेता येतं. ‘किल_जॉब’ने ते कायमचं गेलं. जुने ईएक्सपी आणि आयएमपी मात्र क्लायंटवर चालतात, त्यांना टीमक्स हवाच.

मायएसक्यूएलमध्ये ‘शो प्रोसेसलिस्ट’ हाच पहिला थांबा. मोठं अपडेट ‘किल’ केलं की रोलबॅक सुरू होतो आणि तो मूळ कामापेक्षा जास्त वेळ घेऊ शकतो. त्या वेळी घाबरून सर्व्हर रीस्टार्ट करू नका. चालू झाल्यावरही उरलेला रोलबॅक तो करणारच.

सुखलिया_शेल

डंपसाठी सिस्टमडी-रन राहिलं होतं. ‘सुडो सिस्टमडी-रन --युनिट=डंपकाम --यूआयडी=’ आणि पुढे तुमचा यूजर, मग पीजी_डंपचा पूर्ण पत्ता आणि पर्याय. हे काम तुमच्या लॉगिनच्या सेशनमध्ये नसतंच, थेट सिस्टमडीचं मूल असतं, त्यामुळे सिगहपचा प्रश्नच येत नाही. ‘जर्नलसीटीएल -यू डंपकाम -एफ’ने निकाल बघा, काम फसलं असेल तर ‘सिस्टमसीटीएल स्टेटस डंपकाम’मध्ये एक्झिट कोड मिळतो. तुमच्या शेलमधली पाथ किंवा पीजीहोस्टसारखी व्हेरिएबल्स इथे येत नाहीत, जे लागेल ते ‘--सेटएन्व्ह’ने द्या. काम फसलं तर युनिट फसलेल्या अवस्थेत पडून राहतं आणि त्याच नावाने पुन्हा सुरू होत नाही. आधी ‘रीसेट-फेल्ड’ करा.

दुसरं, काही मशीनवर लॉगआउट झाल्यावर टीमक्ससुद्धा मारला जातो. ‘लॉगइंड.कॉन्फ’मध्ये ‘किलयूजरप्रोसेसेस’ ‘येस’ असेल तर हे होतं. सिस्टमडी २३० पासून मूळ कोडमध्ये तसंच आहे. उबुंटू आणि डेबियन आपल्या पॅकेजात ते ‘नो’ ठेवतात, पण तुमच्या अ‍ॅडमिनने बदललं नसेल ना हे एकदा बघाच. ‘येस’ असेल तर ‘लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर’ करा आणि टीमक्स ‘सिस्टमडी-रन --यूजर --स्कोप’मधून सुरू करा.

काम आधीच साध्या टर्मिनलवर सुरू झालंय आणि लाइट जाईल असं वाटतंय, तर: कंट्रोल-झेड, ‘बीजी’, मग ‘डिसओन -एच’. आता शेल सिगहप पुढे पाठवणार नाही. डंपसारख्या न बोलणाऱ्या कामाला हे पुरतं. समोर उघडून बसलेल्या पीएसक्यूएलला पुरत नाही. मागे गेलेली प्रोसेस टर्मिनलवरून वाचायला गेली की कर्नल तिला थांबवतो. ‘रेप्टिर’ने चालू प्रोसेस उचलून टीमक्समध्ये आणता येते, पण उबुंटूवर ‘पीट्रेस_स्कोप’ १ असतं, ते रूटने तात्पुरतं ० केल्याशिवाय जमत नाही, आणि पाइपमधल्या दोन-तीन प्रोसेसवर त्याचा भरवसा धरू नका.

क्रॉनने (ठरल्या वेळी काम सुरू करणारं साधन) लावायचा विचार असेल तर ‘डेट’ चालवून बघा. क्लाउडची मशीन बहुतेक यूटीसीवर असतात. पहाटे २ वाजताचं काम म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेसात.

विजयनगर_बॅकएंड

नॅटचं अगदी बरोबर निघालं. कीपअलाइव्ह घालून स्टेजिंगवर पुन्हा चालवलं, या वेळी ‘क्रिएट इंडेक्स’ उत्तर आलं आणि प्रॉम्प्टही. आता राहिली चाळीस अपडेटची फाइल. मध्ये काहीही तुटलं तर कुठून पुढे सुरू करायचं?

तिलकनगर_डीबीए

फाइलला दोन गोष्टी कराच. ‘-व्ही ऑन_एरर_स्टॉप=१’ द्या, नाहीतर पाचव्या वाक्यात चूक आली तरी पीएसक्यूएल सहाव्यावर जातो. आणि ‘-ई’ द्या म्हणजे पाठवलेलं प्रत्येक वाक्य लॉगमध्ये उतरतं. लॉगमधलं शेवटचं वाक्य लागू झालं की नाही हे मात्र लॉगवरून ठरत नाही, ते वर सांगितलेल्या कारणाने शेवटपर्यंत जाऊन कमिटही झालेलं असू शकतं. म्हणून एक छोटं नोंदीचं टेबल करा: टप्पा, कुठून कुठपर्यंतचा आयडी, वेळ. प्रत्येक अपडेट आणि त्याची नोंद एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये टाका. नोंद आहे म्हणजे बदल झाला, नोंद नाही म्हणजे झाला नाही. मधली अवस्था उरतच नाही. ‘रक्कम = रक्कम + १०’ असल्या वाक्यांना तर हे हवंच, ते दोनदा चाललं तर आकडे बिघडतील आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही.

सगळ्या टेबलावर फिरणारी अपडेट असतील तर आयडीच्या पट्ट्यांत तोडा, पट्टीमागे ५०,००० ओळी धरून सुरुवात करा. आवृत्ती ११ पासून प्रोसीजरच्या आत कमिट करता येतं, त्यामुळे लूप सर्व्हरवरच ठेवू शकता. तिला ‘बिगिन’च्या आत मात्र बोलावू नका, कमिटपाशी चूक येईल. दर काही पट्ट्यांनी व्हॅक्यूम (जुन्या ओळी साफ करणं) चालू द्या, नाहीतर जुन्या ओळींनी टेबल फुगेल. आणि डंप याच वेळी लावू नका. डंप संपेपर्यंत त्याचा स्नॅपशॉट (सुरुवातीच्या क्षणाचं डेटाचं चित्र) धरलेला असतो आणि व्हॅक्यूमला त्या मेलेल्या ओळी उचलता येत नाहीत. आधी अपडेट संपू दे, मग डंप.

इंडेक्सचं शेवटचं राहिलं. ‘\डी’मध्ये इंडेक्स दिसला म्हणजे तो वापरात आला असं नाही. कन्करंटली मध्येच रद्द झालं तर ‘इनव्हॅलिड’ इंडेक्स मागे राहतो, क्वेरी तो वापरत नाहीत, पण प्रत्येक इन्सर्टला त्याचा भार मात्र पडतो. ‘पीजी_इंडेक्स’मध्ये ‘इंडइजव्हॅलिड’ खरं आहे का ते बघा. खोटं असेल तर ‘ड्रॉप इंडेक्स कन्करंटली’ करून नव्याने लावा. ‘इफ नॉट एक्झिस्ट्स’ घालून पुन्हा चालवलं तर तो नाव पाहून पुढे जाईल आणि बिघडलेला इंडेक्स तसाच राहील.